विशेष कार्य अधिकारी (महाराष्ट्र)

विशेष कार्य अधिकारी हा महाराष्ट्रातील मंत्र्याच्या कार्यालयात खासगी सचिव व स्वीय सहायक यांच्या जोडीने काम करणारा अधिकारी होय. त्याची निवड शासकीय सेवेतून अथवा सेवेबाहेरून होते. ब्रिटनमधील मंत्र्यांच्या विशेष सल्लागारांशी या पदाचे साम्य आहे. तेथे २०१० च्या कायद्यानुसार अशा सल्लागारास सरकारी खर्च मंजूर करता येत नाही.

निवेदने वाचणे, टिपणे काढणे आणि विभागांकडे पाठपुरावा करणे ही त्याची नित्याची कामे होत. जुन्नर वा आंबेगावचा शेतकरी कुकडी प्रकल्पाच्या आवर्तनासाठी किंवा बिबट्याने मारलेल्या जनावराच्या भरपाईसाठी मंत्रालयात गेला, तर मंत्र्याआधी बहुधा हाच अधिकारी भेटतो. अर्ज वर पोहोचवणे किंवा तसाच पडू देणे त्याच्या हाती असते. मंजुरी देणे नसते. लोक मात्र त्याच्या शब्दालाच मंत्र्याचा शब्द समजतात, आणि दलालीला वाव मिळतो तो येथेच.

मर्यादा

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ नुसार राज्यपालांना सल्ला देणारे मंडळ मंत्र्यांचे असते. शपथ मंत्री घेतो, विधानसभेला उत्तरदायी मंत्रीच असतो. विशेष कार्य अधिकाऱ्यास सभागृहात बोलता येत नाही, त्यामुळे त्याच्या चुकीचा जाबही मंत्र्यालाच द्यावा लागतो. मंत्र्यालाही आपली माणसे सर्वस्वी मनाजोगी नेमता येतातच असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आलेल्या १२५ नावांपैकी १०९ नावांना मान्यता दिल्याचे सांगितले. आरोप वा चौकशी असलेल्यांची नावे त्यांनी रोखली.

आंबेगावचे उदाहरण

मंत्री कार्यालयातील अनुभवातून स्वतंत्र राजकीय कारकीर्द घडल्याचे ठळक उदाहरण आंबेगावचे दिलीप वळसे पाटील यांचे आहे. त्यांचे वडील दत्तात्रय वळसे पाटील आमदार होते, त्यामुळे राजकारण घरात होतेच. दिलीपरावांनी आरंभी शरद पवार यांचे स्वीय सहायक म्हणून काम केले आणि १९९० मध्ये ते आंबेगावातून विधानसभेवर निवडून आले. पुढे २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते, तर २०२१ मध्ये गृहमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये पवार विरोधी पक्षात राहिले असता वळसे पाटलांनी अजित पवारांसोबत सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली. स्वीय सहायकास असा निर्णय घेता आला नसता. आमदारास, मतदारांपुढे पुन्हा जाण्याच्या अटीवर, तो घेता येतो. २०२४ च्या निवडणुकीत आंबेगावने त्यांना पुन्हा निवडून दिले.