तार आणि नळी

स्वयंपाकघरात विजेचा खटका आणि गॅसची नळी यांत किती अंतर असावे, असे विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. परंतु आकड्याआधी गॅसचा स्वभाव जाणून घ्यावा, असे आम्ही म्हणतो.

आपल्या नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) घरोघर सिलिंडर आहे, आणि अनेक शेतकऱ्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅसचे संयंत्र आहे. मोठ्या शहरांत नैसर्गिक वायू नळाने येतो. तिघांची चाल निराळी.

सिलिंडरातला गॅस हवेहून दीडपट ते दुप्पट जड. तो गळला की फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, आणि हवेत शेकडा 2 इतका मिसळला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून जमिनीलगतचा सॉकेट त्याला घातक. नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन. त्याचे वजन हवेच्या निम्म्याहून थोडेच अधिक, म्हणून तो छताकडे जातो. शेकडा 5 ते 15 या प्रमाणात तो पेटतो. गोबरगॅसमध्ये साधारण शेकडा 60 मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. त्यामुळे तो जवळजवळ हवेइतकाच भरतो. ‘तो वर निघून जाईल’ हा भरवसा खोटा!

अंतर दोन कारणांसाठी ठेवायचे. एक, खटका उघडताना वा मिटताना आत बारीक ठिणगी उडते. दुसरे, आवरण झिजलेली तार धातूच्या नळीला टेकली, तर वीज नळीत उतरते आणि नळीला भोकही पडू शकते. ब्रिटनमधील घरगुती नियमांत नळी खटक्यापासून 150 मिलिमीटर आणि तारेपासून 25 मिलिमीटर दूर ठेवतात. आपल्याकडे इथले नियम जाणणाऱ्या परवानाधारक कारागिराकडूनच काम करून घ्यावे. गॅसच्या नळीला अर्थिंगची तार म्हणून कधीही वापरू नये.

मात्र गळती होऊन खोली भरली, तर वीतभर अंतर काय कामाचे? तेव्हा वायुवीजनच तारते. वास येताच दिवा लावू नये, आणि लागलेला दिवा मालवूही नये. ठिणगी दोन्ही वेळी उडते. दारेखिडक्या उघडाव्यात, हाताशी असेल तर गॅसची चावी बंद करावी, आणि मुलाबाळांसह बाहेर पडावे. हे घरातल्या लहानथोरांना आजच सांगून ठेवावे.