137 कलमं आत गेली, 238 बाहेर आली

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत काय शिकवायचं, याबद्दल 1944 च्या कायद्यात सक्तीचा विषय एकच होता: धर्मशिक्षण. गणित, विज्ञान, अगदी इंग्रजीसुद्धा शाळेच्या मर्जीवर. 44 वर्षं हे असंच चाललं.

20 नोव्हेंबर 1987 रोजी शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांच्या शिक्षण सुधारणा विधेयकाने संसदेत पाऊल ठेवलं. कलमं 137. ‘ग्रेट एज्युकेशन रिफॉर्म बिल’ हे इंग्रजी नाव आखडून त्याचं टोपणनाव पडलं ‘जर्बिल’, म्हणजे वाळवंटी उंदीर. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे उंदराचाच डोंगर झाला. दोन्ही सभागृहांनी साडेतीनशेहून जास्त तास खल केला. रोज आठ तास बसा, रविवारही सोडू नका, तरी दीड महिना जाईल! 29 जुलै 1988 रोजी राजसंमती मिळाली तेव्हा कलमं झाली होती 238. सगळी नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाची नव्हेत हे खरं. शाळांचा पैसा, विद्यापीठं, लंडनचं शिक्षण प्राधिकरण बरखास्त करणं, सगळं त्यातच.

पण खरा फुगवटा संसदेबाहेर. 5 ते 16 वयाच्या मुलांसाठी दहा विषय, वेल्समध्ये शिवाय वेल्श. 1989 मध्ये विज्ञानाची 17 उद्दिष्टं ठरली, गणिताची 14, आणि प्रगती मोजायला दहा पातळ्या. 30 मुलांच्या वर्गात गणिताच्या सगळ्या उद्दिष्टांची एकेकदाच नोंद करायची म्हटली तरी 420 नोंदी. प्राथमिकच्या बाई तर सगळेच विषय शिकवणार!

दोनच वर्षांत, 1991 मध्ये, 17 ची 4 झाली आणि 14 ची 5. तरी 1993 मध्ये शिक्षकांनी या अभ्यासक्रमाच्या चाचण्यांवर बहिष्कार घातला. तो थांबवायला एक नगरपरिषद कोर्टात गेली आणि हरली. कामाच्या ओझ्याचा वाद कोर्टाने कायदेशीर ठरवला. मग सरकारने फेरआढाव्यासाठी नेमलेल्या सर रॉन डिअरिंग यांनी कात्री चालवली: आठवड्यातला एक दिवस शाळेला मोकळा, आणि पाच वर्षं नवा बदल नाही. खुद्द तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनीही पुढे आत्मचरित्रात लिहिलं की, त्यांना इतका तपशील नकोच होता.

आज इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळांपैकी दहातल्या आठ ‘अकॅडमी’, म्हणजे स्वायत्त शाळा, झाल्या आहेत. या शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रमातून सूट होती. ती काढून घेण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये संसदेत आणखी एक विधेयक मांडावं लागलं.