गाऊट आणि मद्यपान : मेहरूण (जळगाव) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
खानदेशात सांधेदुखीच्या बहुतेक प्रकारांना सरसकट 'वात' असे म्हटले जाते. त्यामुळे गाऊट या स्वतंत्र विकाराची ओळख पटण्यास विलंब होतो. रुग्ण डाळी वर्ज्य करतो, मद्य मात्र चालू ठेवतो. तलावासाठी व बोरांसाठी परिचित असलेले मेहरूण आज जळगाव शहराचाच भाग आहे. अशा परिसरातील आहारविहार लक्षात घेऊन मद्य व गाऊट यांतील संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप :
पेशींतील व अन्नातील प्युरीन या द्रव्याचे विघटन होऊन युरिक आम्ल तयार होते. त्याचा बराचसा भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. रक्तातील त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक राहिल्यास त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात. मग बहुधा रात्री, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, असह्य वेदना व सूज उद्भवते. आयुर्वेदातील वातरक्ताशी या विकाराचे पुष्कळ साम्य आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ व्या अध्यायात वातरक्ताच्या कारणांमध्ये सुरा व आसव यांचाही समावेश आहे. 'आढ्यवात', म्हणजे धनवंतांचा वात, हे त्याचे एक पर्यायी नाव होय. आज मात्र हा विकार धनवंतांपुरता मर्यादित नाही.

मद्याची क्रिया :
मद्य तीन मार्गांनी अपाय करते. पहिला, यकृतात मद्याचे पचन होताना पेशींतील ऊर्जाद्रव्य खर्ची पडते व त्यातून अधिक युरिक आम्ल निर्माण होते. दुसरा, या प्रक्रियेत वाढलेल्या लॅक्टिक आम्लामुळे मूत्रपिंडातून युरिक आम्लाचे उत्सर्जन मंदावते. तिसरा, मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी कमी होते. बिअरमध्ये याशिवाय स्वतःचे प्युरीनही असते.

संशोधनाचे निष्कर्ष :
२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सुमारे ४७ हजार पुरुषांचे १२ वर्षे निरीक्षण करण्यात आले. बिअरमुळे गाऊटचा धोका सर्वाधिक, तर व्हिस्कीसारख्या ऊर्ध्वपातित मद्यामुळे त्याहून कमी पण निश्चित वाढल्याचे आढळले. माफक वाइनचा तसा संबंध आढळला नाही. परंतु हा निष्कर्ष आजार नव्याने होण्याविषयी होता. आधीच गाऊट असलेल्या ७२४ व्यक्तींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाइनसह सर्वच मद्यप्रकारांनी झटक्याचा धोका वाढलेला दिसला. चोवीस तासांत एकाहून अधिक व दोनपर्यंत प्रमाणित पेये घेतल्यास तो सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक होता. म्हणून बिअर सोडून व्हिस्की किंवा मोहाची दारू घेतल्याने रुग्ण सुरक्षित होत नाही. ऊर्ध्वपातनाने प्युरीन मागे राहते, मद्यार्क नव्हे.

स्थानिक संदर्भ :
येथे मात्रेचा विचार आवश्यक ठरतो. उपरोक्त अभ्यासांतील एका प्रमाणित पेयात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. आपल्याकडील ६५० मिलिलिटरच्या, पाच टक्के मद्यार्काच्या बिअरच्या बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम, तर व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये सुमारे ६० ग्रॅम भरतो. म्हणजे 'फक्त एक क्वार्टर' ही चार प्रमाणित पेयांहून अधिक मात्रा होते. जळगावचा उन्हाळा कधी ४५ अंशांच्या पुढे जातो. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मद्याची भर पडल्यास धोका वाढतो. गटारीसारख्या प्रसंगी मटण, कलेजी व मद्य एकत्र येतात. तेव्हा प्युरीनचा पुरवठा वाढतो व त्याच वेळी उत्सर्जनात अडथळा येतो. मद्यात गोड शीतपेय मिसळल्यास त्यातील फ्रुक्टोजनेही युरिक आम्ल वाढते. याउलट, वनस्पतिजन्य प्युरीनमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत आढळलेले नाही. सबब डाळ सोडून दारू ठेवणे हे उलटे पथ्य होय.

उपचार व दक्षता :
झटक्याच्या वेळी वेदनाशामके, कोल्चिसिन इत्यादी औषधे दिली जातात. मद्यासोबत वेदनाशामके घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कोल्चिसिन असलेली कळलावी ही वनस्पती अत्यंत विषारी आहे. तिचा घरगुती प्रयोग कदापि करू नये. ॲलोप्युरिनॉलसारखे औषध नियमित घेऊन युरिक आम्ल सहा मिलिग्रॅमखाली ठेवणे, हे दीर्घकालीन उपचाराचे ध्येय असते. समारंभात मद्य घेता यावे म्हणून हे औषध परस्पर बंद करणे घातक आहे. दीर्घकाळ व भरपूर मद्य घेणाऱ्याने मात्र ते एकाएकी थांबवू नये. थरकाप, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकत असल्याने वैद्यकीय देखरेख आवश्यक असते.

समारोप :
गाऊट हा रुग्णाच्या चारित्र्याचा दोष नव्हे. आनुवंशिकता, मूत्रपिंडाचे कार्य, स्थूलता व काही औषधे हीदेखील त्याची कारणे आहेत. न पिणाऱ्यांनाही तो होतो आणि केवळ मद्य सोडल्याने प्रत्येकाचा आजार आटोक्यात येतोच असे नाही. तथापि आनुवंशिकता बदलता येत नाही, मद्याची मात्रा बदलता येते. रुग्णाला लज्जित न करता हा भेद समजावून सांगितल्यास पुढील झटका टळण्याची शक्यता वाढते. महाविद्यालयातील आरोग्य तपासणी शिबिरे व राष्ट्रीय सेवा योजनेचे उपक्रम यांतून अध्यापकांना हे कार्य सहज करता येईल.