पॅनेलच्या आधी गच्ची पाहावी

आमच्या वाशिमच्या घरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसले. त्याचे मोजमाप मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी झाले होते. पुरवठादाराच्या माणसाने गच्चीवर नजर फिरवून सांगितले, ‘सावली कुठेच नाही.’ त्याचे म्हणणे त्या क्षणापुरते खरे होते. वाशिम विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी जमा होते. रोज बारा युनिटची अपेक्षा होती. डिसेंबरात आकाश निरभ्र असूनही मीटर आठच्या पुढे जाईना. सदोष पॅनेल आले असे मी महिनाभर समजत होतो. एके दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन बसलो तेव्हा कारण दिसले. जिन्याच्या खोलीची सावली दोन पॅनेलवर पसरली होती.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेस कलून क्षितिजापासून साधारण साडेसेहेचाळीस अंशांवरच राहतो. आठ फूट उंचीच्या खोलीची सावली तेव्हा उत्तरेकडे साडेसात फुटांपर्यंत जाते आणि दुपारी तीनच्या सुमारास तिची लांबी जवळजवळ दुप्पट होते. पाण्याची टाकी, कठडा, डिशची तबकडी यांचाही हिशेब असाच. पॅनेल एकामागून एक अशा एकाच साखळीत जोडलेले असतात. बाजाराच्या अरुंद बोळात एक हातगाडी अडली की मागची रांग थांबते, तसे येथेही घडते. पॅनेलमधील डायोड वीजप्रवाहाला वळसा घालून देतात खरे, पण सावलीतल्या भागाची वीज गेली ती गेलीच. शेवटी ती दोन पॅनेल जिन्याच्या दक्षिणेस हलविली, तेव्हा पुढच्या डिसेंबरात आकडा अकराच्या वर गेला. हलविण्याचा खर्च अर्थातच माझा.

म्हणून पॅनेलचा भाव विचारण्यापूर्वी आपली गच्ची हिवाळ्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाहून खडूने सावलीच्या रेषा आखाव्यात. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा धरावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेस आणि उतार वीस अंशांच्या आसपास असावा. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथे खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी आपली घरे अरुंद व लांबट, भिंतीला भिंत लागून असतात. दक्षिणेकडचा शेजारी उद्या मजला चढविणार असेल तर आजचे ऊन उद्या राहणार नाही. हे त्याला आधीच आपुलकीने विचारून घ्यावे.

छताचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती सुमारे तृतीयांश टक्क्याने घटते. वैशाखात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर सातवा-आठवा हिस्सा असाच जातो. तापलेल्या टिनाला चिकटवून बसविलेल्या पॅनेलखाली हवा खेळत नाही, म्हणून मध्ये वीतभर अंतर हवे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर माणूस चढविणेच धोक्याचे. मातीच्या धाब्यावर तर हा विचारच नको. त्यापेक्षा गोदामाचे छत बरे. पॅनेल व सांगाडा यांचे वजन चौरस मीटरला पंधरा-वीस किलो, म्हणजे स्लॅबला जड नाही. खरी भीती अवकाळी वादळात वारा खालून उचलतो तिची. मात्र स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकले की पावसाळ्यात गळती लागते. शक्य तेथे काँक्रीटचे ठोकळे वापरावेत. गच्ची गळकी असेल तर दुरुस्ती आधी. पॅनेल पंचवीस वर्षांसाठी असतात, त्यांच्याखालचा चुना-सिमेंट पुन्हा करायचा तर सारे उतरवावे लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, असे तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. बँकेतील अनुभवावरून एक सांगतो: आपल्या एकत्र कुटुंबांत घर तीन भावांचे, मीटर मात्र अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असते. महावितरणकडे नाव बदलून घेणे आणि सामाईक गच्चीसाठी भावांची लेखी संमती ही कामे अर्जापूर्वीच उरकावीत. गच्ची कोणाची, हा वाद पॅनेल चढल्यावर मिटविणे फार अवघड जाते.

आता आपल्या घरांपुरते थोडे. पुष्कळ गच्च्यांवर पक्ष्यांना दाणे टाकण्याचा नेम असतो. विष्ठेचे डागही सावलीसारखेच वीज अडवितात, तेव्हा दाण्याची जागा पॅनेलपासून दूर, खालच्या अंगाला करावी. पॅनेलखालच्या सावलीत पारवे घरटी करतात. एकदा अंडी घातली की ती हलविणे आपल्याच्याने होत नाही आणि पिले उडून जाईपर्यंत ना सफाई होते, ना दुरुस्ती. यासाठी चारही बाजूंना बारीक जाळी पहिल्याच दिवशी बसवावी आणि तिचा खर्च कोटेशनमध्येच लिहून घ्यावा.