कॅनडातील शेती व गोपालन

कॅनडातील शेती व गोपालन : कॅनडातील लागवडीखालील क्षेत्रापैकी चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्र अल्बर्टा, सस्कॅचेवन व मॅनिटोबा या तीन प्रेअरी प्रांतांत असून मांसासाठी केले जाणारे गोपालनही मुख्यत्वे तेथेच एकवटलेले आहे. जमीन विपुल व लोकवस्ती विरळ असल्याने येथील शेती प्रारंभापासूनच दूरच्या बाजारपेठांसाठी केली जाते. कडाक्याची थंडी व अल्प मुदतीचा हंगाम या अडचणींवर संशोधनाने बऱ्याच अंशी मात केली. तथापि पावसाची अनिश्चितता व मोजक्या ग्राहक देशांवरील अवलंबन हे दोन प्रश्न अद्यापि सुटलेले नाहीत.

पूर्वपीठिका : १८५७–६० मध्ये जॉन पॅलिसर याने या प्रदेशाची पाहणी केली व त्याचा दक्षिणेकडील त्रिकोणाकृती भाग शेतीस अयोग्य ठरविला. तरीही १८७२ च्या कायद्यान्वये केवळ १० डॉलर शुल्क आकारून प्रत्येकी १६० एकर (सु. ६५ हेक्टर) जमीन देण्यात येऊ लागली आणि वसाहतीस वेग आला. चार्ल्स साँडर्स याने १९०४ पासून निवड पद्धतीने विकसित केलेला ‘मार्क्विस’ गहू लवकर पक्व होत असल्याने हिमतुषारापूर्वी हाती येई. ‘रेड फाइफ’ व भारतातून आलेला ‘हार्ड रेड कलकत्ता’ यांच्या संकरातून हा वाण निर्माण झाला होता. १९३० नंतरच्या दशकातील अवर्षणात व धुळीच्या वादळांत पॅलिसरचा इशारा खरा ठरला. मृदासंधारणासाठी १९३५ मध्ये स्वतंत्र शासकीय यंत्रणा स्थापन करावी लागली. गहू मंडळही त्याच वर्षी स्थापन झाले; १९४३ पासून त्याच्याकडे असलेला गहू-विक्रीचा एकाधिकार २०१२ मध्ये संपुष्टात आला.

पिके : गहू, सातू, ओट व जवस ही जुनी पिके होत. मोहरीवर्गीय रेपसीडच्या तेलातील एरुसिक अम्ल व पेंडीतील अपायकारक घटक यांचे प्रमाण प्रजननाने घटवून बॉल्डर स्टेफान्सन व कीथ डाउनी यांनी त्याचे खाद्योपयोगी रूप सिद्ध केले. १९७४ मध्ये पहिला वाण प्रसृत झाला. त्यास पुढे ‘कॅनोला’ हे नाव मिळाले. १९९५ पासून तणनाशकास न जुमानणारे जनुकीय वाण पेरले जाऊ लागले. त्याच वर्षी धान्याच्या रेल्वे वाहतुकीवरील शासकीय अनुदान बंद झाल्याने कमी किंमतीचे धान्य बंदरापर्यंत नेणे पूर्वीइतके परवडेना. परिणामी कॅनोला, मसूर व वाटाणा यांकडे शेतकरी अधिक वळले. द्विदल पिकांमुळे जमिनीस नायट्रोजन मिळतो. बिननांगरणीच्या पेरणीमुळे ओलावा टिकतो व जमीन एक वर्ष पडीक ठेवण्याची जुनी पद्धत मागे पडली.

पिकांत विविधता आली, तरी ग्राहकांत ती तितकीशी आली नाही. भारत हा कॅनडाच्या कडधान्यांचा मोठा ग्राहक होय. २०१६–१७ मध्ये भारतात कडधान्यांचे विक्रमी उत्पादन होऊन महाराष्ट्रातील तूर उत्पादकांनाही हमीभावापेक्षा कमी दर मिळू लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५०% व डिसेंबरमध्ये मसूर आणि हरभरा यांवर ३०% आयातशुल्क बसविले. जे शुल्क विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यास आधार वाटले, तेच सस्कॅचेवनमधील शेतकऱ्यास आघात ठरले. चीननेही २०१९ मध्ये कॅनोला-बियांच्या आयातीवर निर्बंध घातले. मार्च २०२५ मध्ये त्याने कॅनोला तेल, पेंड व वाटाणा यांवर १००%, तर ऑगस्टमध्ये बियांवर ७५.८% तात्पुरते शुल्क लादले. हे निर्णय पेरणीनंतर झाल्यास त्या हंगामापुरता शेतकऱ्यापुढे अन्य पर्याय उरत नाही.

गोपालन : गायी-वासरे कुरणांवर वाढविली जातात, नंतर वासरे दक्षिण अल्बर्टातील लेथब्रिज परिसरातील मोठ्या गोठ्यांत सातू व मका चारून पुष्ट केली जातात. २० मे २००३ रोजी अल्बर्टातील एका गायीस ‘मॅड काऊ’ रोग झाल्याचे जाहीर होताच सु. ४० देशांनी कॅनडाचे गोमांस व जनावरे नाकारली. अमेरिकेत ३० महिन्यांखालील जिवंत जनावरे पाठविण्यास जुलै २००५ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. जागतिक पशुआरोग्य संघटनेने मात्र ‘नगण्य धोका’ हा दर्जा २०२१ मध्ये दिला. मांसप्रक्रिया मोजक्या कारखान्यांत एकवटल्याचा धोका एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे हाय रिव्हर येथील कारखाना बंद पडला तेव्हा दिसून आला. २००५ च्या प्रारंभी सु. दीड कोटी असलेली जनावरांची संख्या २०२५ च्या प्रारंभी सु. १ कोटी १० लाखांवर आली. दुग्धव्यवसाय मुख्यत्वे क्वीबेक व आँटॅरिओत असून तेथे उत्पादन कोटा पद्धतीने नियंत्रित होत असल्याने दरातील चढउतार कमी असतात.

हवामान व मनुष्यबळ : २०२१ च्या अवर्षणात गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सु. ३५० लाख टनांवरून सु. २२० लाख टनांवर घसरले. वैरणीअभावी अनेकांना पैदाशीच्या गायीही विकाव्या लागल्या. गाय एकदा विकली की कळप पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागतात. १९४१ मध्ये देशात ७,३२,८३२ शेते होती. २०२१ मध्ये ती १,८९,८७४ उरली. शेतांचा आकार वाढला, शेतकऱ्यांचे सरासरी वय ५६ वर्षांवर गेले आणि लेखी वारसा-योजना सु. १२% शेतांपुरतीच आढळली. महागड्या जमिनीमुळे तरुणांना या व्यवसायात प्रवेश दुष्कर झाला आहे.

जनावरांच्या पोटातील मिथेन घटविणाऱ्या खाद्यपूरकास २०२४ मध्ये मान्यता मिळाली. अवर्षणसहिष्णू वाण व उपग्रहाधारित अचूक पेरणी यांवरही संशोधन चालू आहे. तथापि देशांतर्गत प्रक्रिया व ग्राहकांची विविधता वाढल्याखेरीज, संशोधनाने वाढविलेले उत्पन्न शेतकऱ्याच्या पदरी टिकेल याची निश्चिती देता येत नाही.