एका गिनीची डबी

एक लहानशी डबी आहे. आत ५६ गोळ्या आहेत. जाहिरातीत म्हटले आहे, की या डबीचे मोल एक गिनी आहे. गिनी म्हणजे इंग्लंडातले २१ शिलिंग. पण दुकानात हीच डबी मिळे १ शिलिंग दीड पेनीला. २१ शिलिंगांचा माल सव्वा शिलिंगाच्या आत! घेणाऱ्याला वाटे, आज आपणच दुकानदाराला फसवले.

ही गोष्ट आहे इंग्लंडची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली. ती १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. त्या काळात तिथे अशा शेकडो औषधांचा सुळसुळाट झाला होता. त्यांना 'पेटंट औषधे' म्हणत.

पेटंट म्हणजे काय? एखाद्याने नवी वस्तू शोधली, तर सरकार त्याला काही वर्षांचा हक्क देते. मात्र त्याने ती वस्तू कशी केली हे उघड करून सांगावे लागते. आता गंमत पाहा. या औषधवाल्यांपैकी बहुतेकांनी असे पेटंट घेतलेच नव्हते. घेतले असते तर आत काय आहे ते जगाला कळले असते. नाव मात्र पेटंटचे, आणि कृती गुप्त!

आपली डबी होती थॉमस बीचम याची. हा १८२० साली एका शेतमजुराच्या घरी जन्मला. लहानपणी मेंढरे राखायचा. झाडपाल्याची थोडी माहिती झाली, तेव्हा बाजाराच्या दिवशी उभा राहून गोळ्या विकू लागला. १८५९ च्या सुमारास तो सेंट हेलेन्स या गावी स्थायिक झाला. पुढे तिथेच मोठा कारखाना निघाला आणि त्या गोळ्या साऱ्या जगात गेल्या.

गोळीत काय होते? काळा बोळ, सुंठ आणि साबण. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. तो आपल्या आयाबायांना चांगला ठाऊक आहे. त्याने पोट साफ होते, एवढेच. म्हणजे ती जुलाबाची गोळी होती. ज्याचे पोट तटले असेल त्याला बरे वाटे. यात खोटे काही नाही.

खोटे होते ते जाहिरातीत. पोटात वारा धरतो का? डोके दुखते? जेवल्यावर जड वाटते? झोप नीट लागत नाही? वाईट स्वप्ने पडतात? अंगाला कापरे भरते? या सगळ्यांवर म्हणे ही एकच गोळी. अहो, यांतले एकही ज्याला कधी झाले नाही असा माणूस दाखवा! वाचणारा वाचत जाई आणि मनात म्हणे, "अरे, हे तर माझेच लिहिले आहे." जाहिरात वाचेपर्यंत जो धडधाकट होता, तो वाचून झाल्यावर रोगी होई. मग औषध घेणे आलेच.

'नसांचा अशक्तपणा' हा तर फारच सोयीचा रोग होता. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. गेला की राहिला, तेही कळत नाही. तरुण पोरांना त्याची भीती घालत. लाजेने पोरगा घरी बोलत नसे, डॉक्टरकडे जात नसे. गुपचूप टपालाने पैसे पाठवी. विजेचे पट्टेही निघाले होते. कमरेला बांधा, नसांत जोर येईल, असे सांगत. लंडनच्या भर रस्त्यावर अशा पट्ट्यांचे थाटाचे दुकान होते. १८९३ साली एका वर्तमानपत्राने त्याचे बिंग फोडले, आणि थोड्याच काळात तो धंदा बसला.

दुसरा मोठा औषधवाला थॉमस हॉलोवे. त्याच्या गोळ्या आणि मलम. १८८३ साली तो वारला, तेव्हा त्याचा जाहिरातींवरचा खर्च वर्षाला ५०,००० पौंडांवर गेला होता. हा पैसा कुठून आला? एकेका शिलिंगाने आला. गवंड्याच्या, मोलकरणीच्या, गिरणी कामगाराच्या खिशातून आला. हॉलोवेने आपल्या पैशातून मुलींसाठी एक भव्य कॉलेज बांधायला काढले आणि मनोरुग्णांसाठी एक इस्पितळही. इस्पितळ १८८५ साली सुरू झाले. कॉलेज १८८६ साली खुद्द राणीने उघडले. दान खरेच मोठे होते. ज्यांच्या शिलिंगांतून ते उभे राहिले, त्यांच्या दुखण्याचे काय झाले, ते कोणी मांडून ठेवलेले नाही.

लोक भोळे होते म्हणून फसले, असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळचा डॉक्टर गरिबाला परवडत नसे. आणि त्याच्याकडे तरी काय होते? तोही कधी रक्त काढी, कधी पारा देई. त्यापेक्षा साबण-सुंठीची गोळी बरी, असे कोणाला वाटले तर त्याचे चुकले का? शिवाय पुष्कळ दुखणी चार-आठ दिवसांत आपोआपच उतरतात. उतरली की श्रेय गोळीला.

आणखी एक गोष्ट लोकांना भुलवी. प्रत्येक डबीवर सरकारी तिकीट चिकटवलेले असे. १७८३ साली सरकारने या औषधांवर कर बसवला होता. त्या कराची ही पावती. दीड पेनी होती ती हीच. पण सरकारचे नाव पाहून लोक समजत, औषध सरकारने तपासले आहे. पुढे सरकारला त्या तिकिटावरच छापावे लागले, की ही सरकारची हमी नव्हे.

इथपर्यंत पैशाची फसवणूक झाली. आता जिवाचे ऐकाल तर अंगावर काटा येईल.

'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे एक गोड औषध होते. रडणाऱ्या तान्ह्या पोरासाठी. आत काकवी, पाणी, मसाला आणि अफू! गिरणीत जाणारी आई सकाळी पोराला चमचाभर पाजी. पोर दिवसभर गुंगीत पडे. सांभाळणारी बाईही पाजी. गुंगीतले पोर दूध ओढत नाही. ते रडतही नाही. ते वाळत जाते. त्यात अफू बाटलीच्या तळाशी बसे. वरचे चमचे हलके, तळचे जहाल. महिनाभर ज्या मापाने पोराला काही झाले नाही, त्याच मापाने एके दिवशी ते झोपले ते उठलेच नाही. अशी किती पोरे गेली त्याची मोजदादही नीट झाली नाही. दुखणे म्हणून काहीबाही लिहीत आणि पुरत.

त्या आयांना नावे ठेवू नका. आपल्या मुंबईतही गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत होत्या. बाई साच्यावर, पोर खोलीत. दुसरा उपाय कोणी दिला होता?

१८६८ साली इंग्लंडात कायदा झाला. अफूच्या बाटलीवर 'विष' असे लिहिलेच पाहिजे. पण पेटंट औषधांना त्यातून वगळले! ही पळवाट बरीच वर्षे चालली.

'क्लोरोडाइन' हे औषध तर आपल्याच देशात जन्मले. इथल्या लष्करातला डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन याने १८४८ साली ते पटकीसाठी तयार केले. पटकी म्हणजे कॉलरा. त्यात अफूचा अर्क होता, गांजा होता, क्लोरोफॉर्म होते. १८५६ पासून ते लंडनहून विकले जाऊ लागले. कळ थांबे, जुलाब थांबल्यासारखे वाटत, झोप लागे. पण कित्येकांना त्याची चटक लागली. काही जास्त घेऊन मेले. आणि पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढणारे औषध म्हणजे स्वच्छ पाण्यात मापाने घातलेले मीठ आणि साखर. १९७१ साली बंगालमध्ये बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर हजारो माणसे वाचवली. त्याला अफू लागली नाही आणि गिनीही लागली नाही.

मग या औषधांचे भांडे फुटले कसे? १९०९ साली इंग्लंडातल्या डॉक्टरांच्या मंडळाने, म्हणजे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, एक पुस्तक काढले. बाजारातली औषधे आणून रसायनशाळेत तपासली. आत काय आहे आणि त्याला खर्च किती, ते छापले. बीचमच्या ५६ गोळ्यांतल्या मालाचा खर्च निघाला अर्धा फार्दिंग. एका पेनीचे फार्दिंग होतात चार. साडेतेरा पेनीच्या डबीत माल होता पेनीच्या आठव्या भागाचा. हिशेब करा. एक रुपयाची वस्तू एकशे आठ रुपयांना!

पुस्तक खूप खपले. पण पुष्कळ वर्तमानपत्रांनी त्याची जाहिरात घेतली नाही. घेणार कशी? ती औषधांच्या जाहिरातींवरच जगत होती. १९१२ साली दुसरे पुस्तक निघाले. पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट १९१४ मध्ये आला, आणि त्याच दिवसांत महायुद्ध पेटले. अहवाल बाजूला पडला. औषधात काय आहे ते वेष्टनावर लिहिलेच पाहिजे, असा कायदा व्हायला १९४१ साल उजाडले.

आपल्याकडे १९५४ साली कायदा झाला. औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना त्याने बंदी केली. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा करतो अशी जाहिरातही त्यात आली. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दंड, किंवा दोन्ही. कायद्याला एक यादी जोडली आहे. त्या यादीतला रोग बरा करतो अशी जाहिरात करायची नाही. यादीत कर्करोग आहे, मधुमेह आहे, फेफरे आहे. आणि 'नसांचा अशक्तपणा' हाही आहे.

तरी एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर तो शब्द अजून दिसतो. खाली फोन नंबर असतो. अशी जाहिरात दिसली तर जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाची कचेरी असते. तिथे साध्या कागदावर तक्रार लिहून देता येते. कुठल्या भिंतीवर, काय शब्द, कुठल्या दिवशी पाहिले, एवढे लिहिले की पुरे.