बेचाळीस किलोमीटर आणि अकरा आठवडे

घरांतील तरुण मंडळी एखादा अवघड बेत सांगतात तो बहुधा जेवणाच्या पंक्तीला, आणि तोहि मागचा भात वाढून ताकाची वेळ आल्यावर. त्या वेळीं सर्वांचे हात खरकटे असतात, कोणास उठून जातां येत नाहीं, आणि रागावणाराचा घास तोंडांतच असतो. गेल्या नवरात्रांत आमच्या पुतण्यानें नेमकी हीच संधि साधली. "अण्णा, डिसेंबरांत मी मॅरेथॉन धांवणार आहें. नांव दिलें, पैसेहि भरले," असें तो ताकाची वाटी तोंडाला लावतां लावतां म्हणाला.

आमच्या मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐशीं. त्यांनीं विचारलें, "कोणाच्या मागें धांवायचें आहे रे?" सर्वजण हंसले. फक्त आमची भावजय हंसली नाहीं. तिनें हातांतील पळी पातेल्यांत ठेवली व ती आंत निघून गेली. तिचें कारण आम्हांस ठाऊक होतें. या मुलाचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, बावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें एका रात्रींत गेले.

पुतण्या सत्तावीस वर्षांचा आहे. जिंतुरास बँकेंत नोकरीला आहे. दोन वर्षें तो आठवड्यांतून तीनदां पांच किलोमीटर धांवत होता. शर्यतीला अकरा आठवडे उरले होते. अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशें पंचाण्णव मीटर! परभणीहून जिंतूर जवळजवळ तितकेंच लांब असेल. एस. टी. नें जातांना ज्या रस्त्यावर आपणांस डुलकी लागते, तो पायांनीं धांवून काढावयाचा!

या अंतराचा इतिहास मोठा मौजेचा आहे. मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक दूत अथेन्सपर्यंत धांवत गेला, विजयाची वार्ता सांगून तेथेंच कोसळून मेला, ही कथा शाळेंत आम्हीं अनेकदां सांगितली. परंतु जुना इतिहासकार हिरोडोटस सांगतो ती हकीकत निराळी आहे. त्याचा दूत लढाईपूर्वीं मदत मागण्यासाठीं अथेन्सहून स्पार्टाला गेला होता. धांवून मेलेल्या दूताची गोष्ट पुढें कित्येक शतकांनीं लिहिली गेली. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिलें आधुनिक ऑलिंपिक भरलें, तेव्हां शर्यत सुमारें चाळीस किलोमीटरची होती. ती स्पिरिडोन लुइस नांवाच्या ग्रीक गड्यानें २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत जिंकली. १९०८ सालीं लंडनमध्यें विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंतचें जें अंतर भरलें, तें ४२.१९५ किलोमीटर, आणि १९२१ पासून तेंच कायम झालें. म्हणजे ज्या दोनशें मीटरांपायीं शेवटीं लोकांचे प्राण कंठाशीं येतात, त्यांचें मूळ एका राजवाड्याच्या दारांत आहे!

आपल्या माणसांचा या शर्यतीशीं संबंध शंभर वर्षांहून जुना आहे, हें मात्र पुष्कळांस माहीत नसतें. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. खेड्यांतून आलेले अनवाणी गडी त्यांनीं धांवतांना पाहिले, आणि त्यांच्या वेळा युरोपांतील धांवणारांच्या तोडीच्या आहेत हें त्यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं खटपट करून, पदरचा पैसाहि घालून, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू धाडले. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन धांवले. त्या वर्षींचा मार्ग नेहमींपेक्षांहि लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा होता. फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांस शर्यत पुरी करतां आली नाहीं.

आतां आमच्या जिल्ह्याची गोष्ट ऐकावी. २०१७ सालीं मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. तिची वेळ २ तास ५० मिनिटें ५३ सेकंद! मार्ग निराळे, काळ निराळा, तुलना करूं नये हें आम्हांस कळतें. तरी पण सत्त्याण्णव वर्षांच्या अंतरानें एक बेळगांवचा गडी व एक परभणीची मुलगी यांच्या वेळांत आठ सेकंदांचा फरक असावा, हें वाचून आमच्या मातोश्रींनीं सुद्धां चष्मा पुसला.

ही सारी हकीकत पुतण्यानें आम्हांस अभिमानानें ऐकविली. आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, एकोणिसावा आला त्याचें नांव तूं घेतलेंस, ज्यास मध्येंच थांबावें लागलें, त्याचेंहि घे. तोहि तितक्याच दूर गेला होता."

असें म्हणण्यास आमचें एक खाजगी कारण होतें. तीस वर्षांपूर्वीं आम्ही शिक्षक असतांना शाळेच्या एका शर्यतीचे पंच होतों. चैत्राचें ऊन, वेळ साडेदहाची. शेवटच्या फेरीला एक मुलगा भेलकांडूं लागला. आम्हीं टाळ्या वाजवून ओरडलों, "सोडूं नकोस! रेट पुढें!" तो बिचारा गुरुजींच्या शब्दासाठीं रेटीत राहिला, आणि रेघेच्या अलीकडे पडला. अंग तापलेलें, डोळे फिरलेले, घाम मात्र नाहीं. आडाचें पाणी ओतून, ओल्या धोतरांत गुंडाळून त्यास दवाखान्यांत नेलें, तेव्हां तो वांचला. त्याच्या बापानें आम्हांस एक अक्षर बोलून दाखविलें नाहीं. तेंच अधिक लागलें. त्या दिवसापासून 'रेट पुढें' हे शब्द आम्हीं कोणत्याहि मुलास उच्चारले नाहींत.

म्हणून पहिली अट आम्हीं ही घातली कीं, धांवण्याचा अभ्यास वैद्यकीय परीक्षेनंतर. ज्याच्या घरांत अकालीं हृदयविकार झाला आहे, त्यानें छातींत दुखत नसलें तरी आधीं डॉक्टरांस दाखवावें. परभणीस हृदयाचा आलेख काढला, चालत्या पट्ट्यावर चालवून परीक्षा घेतली, रक्त तपासलें. हरकत नाहीं असें डॉक्टरांनीं लिहून दिलें, तो कागद भावजयीनें देवघरांत ठेवला.

दुसरी गोष्ट त्रैराशिकाची. बेचाळीस किलोमीटर धांवूं इच्छिणारानें शर्यतीच्या तीन आठवडे आधीं एकदां तरी तीसच्या आसपास धांवून पाहावें, आणि नंतर श्रम कमी करीत जावें, असा सर्वसाधारण संकेत आहे. नवख्यास त्यासाठीं सोळा ते वीस आठवडे देतात. आमच्याजवळ अकरा. पहिल्या रविवारीं आठ किलोमीटर धरले, तर आठव्या रविवारीं तीस होण्यास दर आठवड्यास तीनाहून अधिक किलोमीटर वाढवावे लागतात, आणि मध्यें विसाव्याचा एकहि आठवडा मिळत नाहीं. दमाचा भाता लवकर वाढतो. हाडें, स्नायूंचे बंध व सांधे सावकाश बळावतात. छाती 'चल' म्हणते आणि नडगी 'थांब' म्हणते, ती या कारणानें. अपुऱ्या वेळेंत तयारी करणाराचा घात आळसानें होत नाहीं, घाईनें होतो.

तेव्हां आम्हीं करार केला. रविवारचें लांब धांवणें आठ, दहा, बारा. चौथ्या रविवारीं मागें येऊन नऊ. मग चौदा, सोळा. आठवड्यांत आणखी दोनच दिवस, तेहि थोडें. इतर दिवशीं चालणें वा पायांचा व्यायाम, आणि एक दिवस पूर्ण विसावा. सहाव्या रविवारीं सोळा किलोमीटर सहज झाले, तर पुढचा विचार; नाहीं तर अर्धी शर्यत, एकवीस किलोमीटरांची. नांव बदलून घेण्याची मुदत त्याच सुमारास होती.

वेग किती असावा? आजचे शिक्षक सांगतात कीं, धांवतांना शेजाऱ्याशीं सबंध वाक्य बोलतां आलें पाहिजे. आमच्या आयुर्वेदानें व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे. कपाळीं, नाकावर व सांध्यांत घाम सुटला, तोंड कोरडें पडूं लागलें, कीं अर्धी शक्ति खर्चली असें समजावें. भाषा निराळी, सल्ला तोच. आम्ही सायकलवरून त्याच्या बाजूनें जात असूं आणि त्यास मध्येंच रामरक्षा म्हणावयास लावीत असूं. श्लोक तुटला कीं वेग कमी!

आमचें येलदरी लहान गांव. पूर्णेवरचें धरण १९६८ सालीं पुरें झालें, त्या वेळीं आम्ही शाळकरी होतों. पहाटे साडेपांचास जलाशयावरून गार वारा येतो, वाहनें नसतात, आणि आश्विन-कार्तिकांत तुरीचीं व कपाशीचीं शेतें दंवानें भिजलेलीं असतात. ऊन चढण्यापूर्वीं परतावयाचें, हा नियम आम्हीं मोडूं दिला नाहीं.

खाण्याची व्यवस्था स्त्रियांनीं हातीं घेतली. शरीर पिष्टमय अन्नापासून स्नायूंत व यकृतांत जो सांठा करून ठेवतें, तो बहुतेकांस तीस किलोमीटरांच्या आसपास पुरतो. पुढें पाय एकाएकीं शिशाचे होतात. म्हणून लांब धांवतांना वाटेंत थोडें थोडें गोड खावें लागतें. शहरांत त्यासाठीं चिकट पुड्या विकत मिळतात. आमच्याकडे आदल्या रात्रीं भात, पहाटे अर्धी दशमी, वाटेंत खजूर व गुळाचा खडा, आल्यावर मीठ घातलेलें ताक व शेंगदाण्याचा लाडू. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. भीतीपोटीं तांब्यावर तांबे रिचवूं नयेत. अति पाण्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें व तें जिवावर बेतूं शकतें. तसेंच शर्यतीच्या दिवशीं नवे बूट, नवे मोजे, नवें खाणें यांतील कांहींहि नको. सर्व आधीं पारखून घ्यावें.

सहावा रविवार आला. आम्हांस त्या दिवशीं किंचित् ताप होता, म्हणून तो एकटाच गेला. परत आला तो हसतमुखानें: "सोळा झाले, अण्णा!" परंतु ओटीच्या दोन पायऱ्या चढतांना त्यानें दोन्ही वेळां डावाच पाय आधीं टाकला. चाळीस वर्षें मुलांच्या चेहऱ्यांवरून चुकलेलें गणित ओळखलें आहे. चाल ओळखण्यास काय लागतें? नडगी दाबून पाहिली, तो कळवळला. दुखणें दहा दिवसांचें होतें.

"सांगितलें कां नाहींस?"

"आई धांवूं देणार नाहीं म्हणून. आणि बँकेंत सर्वांस सांगून बसलों, अण्णा. आतां अर्धीच धांवलों तर लोक काय म्हणतील?"

आम्हीं त्यास त्या शाळेच्या शर्यतीची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत घरांत ती कोणास सांगितली नव्हती. शेवटीं म्हटलें, "त्या मुलासहि लोक काय म्हणतील हीच भीति होती. आणि ते लोक म्हणजे आम्ही."

तो बराच वेळ बोलला नाहीं. दुपारीं आपणच आईकडे गेला. आंत काय बोलणें झालें तें आम्हीं ऐकलें नाहीं. पण संध्याकाळीं त्यानें नांव बदलून अर्ध्या शर्यतींत घातलें. डॉक्टरांनीं हाडास इजा नाहीं, हाडालगतचा भाग सुजला आहे, असें सांगून दहा दिवस धांवणें बंद केलें. सायकलीची मोकळीक ठेवली. नंतर दुखणें नाहीं याची खात्री करून दहा, चौदा, आठ असे रविवार गेले, आणि अकरावा शर्यतीचा.

आम्ही व भावजय दोघेंहि गेलों होतों. हजारों माणसें पहाटेच्या अंधारांत उभीं होतीं; त्यांत आमच्या वयाचेहि पुष्कळ. पुतण्या दर दोन किलोमीटरांनीं एक मिनिट चालत, बाकी धांवत, २ तास ३१ मिनिटांनीं आला. घाम भरपूर होता, आणि चेहऱ्यावर बोलण्याइतका श्वास शिल्लक होता. आम्हीं टाळ्या वाजविल्या. ओरडलों मात्र नाहीं. भावजयीनें पदराच्या गांठींतील दशमी काढून त्याच्या हातीं दिली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेस वेळेवर सांग. वीस आठवडे लागतात म्हणे."

तेव्हां ज्या घरांतील मुलानें वा सुनेनें असें नांव दिलें असेल, त्या घरच्या वडील मंडळींनीं रागावूं नये, तसें नुसतें कौतुकहि करूं नये. आधीं वैद्याकडे न्यावें, मग दिनदर्शिका काढून आठवडे मोजावे. बारांच्या आंत असतील व पाया कच्चा असेल, तर अर्ध्या शर्यतीचें महत्त्व पटवावें. आणि मुख्य म्हणजे दुखलें तर सांगतां येईल इतकी मोकळीक त्यास घरांत असूं द्यावी. आमच्याकडे ती कमी पडली होती, हें आम्हीं मान्य करतों.

देवघरांतील तो कागद अजून तेथेंच आहे. त्याच्या शेजारीं भावजयीनें पुढील वर्षाची दिनदर्शिका टांगली आहे, आणि श्रावणांतील एका रविवाराभोंवतीं कुंकवाचें वर्तुळ काढलें आहे. विचारलें असतां म्हणाली, "त्या दिवसापासून सुरुवात. मीं मोजलें आहे."